गाठीत गेलेली दोरी

केंद्रप्रमुखांचा निरोप आला: उपक्रमाचा अहवाल पाठवा,
एक पान, सोबत दोन फोटो.
फोटो आहेत.
एकात भिंगावर माझंच बोट आलंय,
दुसऱ्यात सगळा वर्ग पाठमोरा.

उपक्रमाचे नाव : मैदान मोजणे.
शाळेची मीटरपट्टी गणपतीतच मोडली,
नाटकात तलवार झाली होती ती.
म्हणून म्हटलं, पावलांनी मोजा.
प्रणीत धात्रक ढांगा टाकत गेला, ऐंशी म्हणाला.
शिफाची भरली एकशे अठरा.
हर्षाली मधेच मुंगळे बघत बसली,
तिचं उत्तर : पुष्कळ.
मग कुणाचं मैदान खरं यावर
अख्ख्या मखमलाबादला ऐकू जाईल असं भांडण.
एक बटण तुटलं. दोघं रडले.
तिसरा का रडला ते अजून कळलेलं नाही.

साहित्य :
दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं घरून दोरी आणली.
म्हणजे परकराची नाडी, ओढणीची किनार,
बुटाची लेस, बैलाची जुनी वेसण,
पतंगाचा मांजा (तो मी परत पाठवला),
आणि रोहिदास भोयेनं द्राक्षबागेतली सुतळी,
वेली बांधून उरलेली, खिशात गुंडाळी करून.

शिफाच्या अम्मीनं शिलाईची टेप दिली
फक्त दुपारपर्यंत, गिऱ्हाइकाचे ब्लाउज अडले होते.
तेवीस तुकडे आम्ही एकेक करून मोजले,
फळ्यावर बेरीज मांडली, हातचे धरून :
एकतीस मीटर. टाळ्या.
मग बांधायला बसलो.

गाठी सुटायच्या.
ओढायचं, धप्पकन पडायचं, हसायचं,
पुन्हा बांधायचं, पुन्हा धप्प.
रोहिदास नोव्हेंबरात आला होता, पेठकडून,
आईबाप बागेत मजुरीला.
मागच्या बाकावर बसायचा,
आमची मराठी त्याला जरा कडक लागायची.
तो उठला. काही बोलला नाही.
दोन टोकं घेतली, एक वळसा, खाली अंगठा,
आणि खेचून दाखवलं.
सुटेना.
मग बावीसच्या बावीस गाठी त्याच्या हाताखालून गेल्या,
प्रणीतसुद्धा रांगेत उभा, लेस धरून.

टेप परत द्यायच्या आधी पुन्हा मोजलं.
अठ्ठावीस.
तीन मीटर दोरी गेली कुठं?
बेरीज तपासली, दोनदा.
दप्तरं झटकली.
वेसणीवर आळ आला,
ती जुनी, आखडली असेल म्हणून.
मी उत्तर जिभेवर धरून गप्प बसले,
बाईला हे सगळ्यांत अवघड जातं.
तेव्हा मागून, पहिल्यांदाच, मोठ्यानं :
"बाई, गाठ दोरी खाती."

कुणी हसलं नाही.
हर्षालीनं एक गाठ उलगडून पाहिली,
आत खरंच तिची वीतभर नाडी बसली होती.
प्रत्येकाचं थोडं थोडं गेलं होतं, फुकट नव्हे,
तेवढ्यावरच तर बाकीचं धरून होतं.
हे शेवटचं मी वर्गात बोलले नाही,
आत्ता लिहिताना सुचलं.

मैदान भरलं दोन दोऱ्या,
वर शिफाची चार पावलं.

निष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं :
विद्यार्थी लांबीचे मापन करतात.
सहभागी विद्यार्थी, इथं मात्र पेन थांबलं.
शिमग्याला भोये मंडळी गावी गेली ती परतली नाहीत,
हजेरीपटावर आता बावीसच नावं.
मुलांना विचारलं.
प्रणीत म्हणाला, त्याची सुतळी मधोमध आहे,
काढली तर दोन दोऱ्या होतील.
मी तेवीस लिहिलं.

दोरी सध्या व्हरांड्यात बांधलेली आहे,
खिचडीच्या पातेल्यांची फडकी
मंदाताई तिच्यावर वाळत घालतात.
म्हणतात, कुणी बांधली हो बाई,
एवढं ओलं ओझं टाकते रोज,
हूं की चूं नाही.